भिंतीवरचा दहीभात

धुण्याच्या दगडापाशी

“दोनच आहेत,” सासूबाई म्हणाल्या.

त्या स्टुलावर उभ्या होत्या. हातात काठी, काठीच्या टोकाला सुतळीनं बांधलेला दाढीचा आरसा. आरसा घरट्याच्या वर तिरका धरला की खालून आतलं सगळं दिसायचं. घरट्याला हात लागत नसे, फांदी हलत नसे. आरसा सासऱ्यांचा, युक्तीही त्यांचीच.

“नीट बघा ना आई. एखादं खाली दबलं असेल.”

“चोची मोजता येतात मला. काल तीन होत्या, आज दोन आहेत.” त्या स्टुलावरून उतरल्या. पदर खोचला, सोडला, पुन्हा खोचला. “तुझी सटवी कुठाय?”

सटवी कुठाय ते आम्हा दोघींना दिसत होतं. कढीपत्त्याच्या झाडाखाली, पाण्याच्या पिंपाच्या सावलीत मखमल बसली होती. शेपटी पायांभोवती गुंडाळलेली, मान वर. वर दोन्ही बुलबुल या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारत होते. डोक्यावरचे तुरे ताठ, आणि ओरडणं थांबतच नव्हतं.

“ती नुसती बसलीय,” मी म्हणाले.

“पोट भरल्यावर सगळेच नुसते बसतात.”

“बुंध्याला बाभळीचे काटे बांधलेत आपण. चढेल कशी?”

“पिंपावरून. भिंतीवरून. तिच्या वाटा तुला काय माहीत?”

“तुम्ही बघितलंत तिला चढताना?”

सासूबाई काठीचा आरसा सोडवायला लागल्या. सुतळीची गाठ सुटेना. दातांनी ओढून बघितली, तरी सुटेना.

“आणखी एक पिल्लू गेलं,” गाठीकडे बघतच त्या म्हणाल्या, “तर ही या घरात राहणार नाही. आत्ताच सांगून ठेवते. मागाहून डोळ्यांतून पाणी काढायचं नाही.”

हुंड्यातलं मांजर

या गोष्टीला वीस-बावीस वर्षं झाली. जयसिंगपूरला एका गल्लीच्या टोकाला आमचं बैठं घर होतं. पुढं तुळस आणि दोन जास्वंदी, मागं परसू. परसात धुण्याचा दगड, पाण्याचं पिंप, पेरूचं एक न फळणारं झाड, आणि भिंतीला खेटून कढीपत्ता.

मी त्या घरात आले तेव्हा सासऱ्यांना जाऊन वर्ष व्हायचं होतं. मयत झालेल्या घरात वर्षाच्या आत लग्न करावं, नाहीतर तीन वर्षं थांबावं, म्हणून घाईनं उरकलेलं लग्न. नवरा, सुहास, चिपळूणला बँकेत. शनिवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. बाकीचे दिवस घरात मी आणि सासूबाई. आणि मखमल.

मखमल माझ्या माहेरची. माहेर म्हणजे मिरजेतल्या दोन भाड्याच्या खोल्या. माझं लग्न झालं तसं बाबा खोल्या सोडून दादाकडे सुरतेला निघाले. पाचपरतावणाला गेले तेव्हा सामान बांधून झालं होतं. रिकाम्या फळीवर मांजर बसलं होतं आणि बाबा त्याच्याकडे न बघता म्हणत होते, “हिला आता मालक बघतील.” मालक बघणार नव्हते. मी आंब्याची करंडी मागून घेतली, झाकण बांधलं आणि सासरी आले.

सासूबाईंनी करंडीत डोकावून बघितलं होतं. “लोक पातेली देतात,” एवढंच म्हणाल्या होत्या.

त्या दिवसापासून आम्ही तिघी एकमेकींना जपून होतो. मखमल सासूबाईंच्या खोलीत जात नसे. सासूबाई तिचं नाव घेत नसत. तिची दुधाची वाटी मी स्वतः घासायची. माहेरचं म्हणून त्या घरात माझ्यापाशी एवढंच होतं, आणि ते आता दोन चोचींवर टांगलं होतं.

भिंत

सासऱ्यांना मी कधी पाहिलं नाही. मला ते भेटले ते कावळा होऊन.

हे सुहासनं मला सांगितलं, लग्नानंतर लगेच, दार लावून घेऊन. दहाव्या दिवशी नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे होते. घाटाच्या पिंपळावर बसून होते. खाली एकही येईना. घरातल्यांनी एकेक करून हात जोडले. सुहास म्हणाला, आईला अंतर देणार नाही. काका म्हणाले, सुहासचं लग्न वर्षात करतो. आत्या म्हणाली, घर विकू देणार नाही. ऊन डोक्यावर आलं. भटजी घड्याळ बघायला लागले. शेवटी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला शिववला. तो दर्भ सुहासच्याच हातात होता.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, “शिवला का?” कुणीच बोलेना. त्यातच त्यांना कळलं.

“आणि मग तिला ते आठवलं,” सुहास म्हणाला. “ते गेले त्या सकाळी त्यांनी दहीभात मागितला होता. आई म्हणाली, थांबा, फोडणी घालून देते. फोडणी होईपर्यंत —”

तेराव्यानंतर सासूबाई रोज परसातल्या भिंतीवर दहीभात ठेवायला लागल्या. स्टीलचं ताट, मऊ भात, घरचं दही, हिंग-जिऱ्याची फोडणी, सांडगी मिरची, कढीपत्ता. कितीतरी दिवस ताट तसंच वाळायचं. मग एक दिवस एक कावळा आला. उजवा पाय वाकडा, त्यामुळे बसला की एका अंगाला कलायचा. तो खाऊन गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. सुहास म्हणतो, त्या रात्री आई पहिल्यांदा नीट झोपली.

मी आले तेव्हा हे रोजचं झालं होतं. सकाळचं धुणं झालं की सासूबाई ताट घेऊन परसात जायच्या आणि मागच्या दाराच्या पायरीवर बसायच्या. “आले बघ,” असं मला ऐकू येईल इतपत म्हणायच्या. नाव घ्यायच्या नाहीत. नवऱ्याचं नाव त्यांनी कधीच घेतलं नव्हतं.

फाल्गुनात बुलबुलांनी कढीपत्त्यात घरटं बांधलं. तेही जुनंच होतं, दरवर्षीचं. सासरे असताना घरटं दिसलं की झाडाचं पानही तोडायचं नाही असा त्यांचा दंडक होता. सासूबाईंनी तो तसाच चालवला. आमच्या आमटीला महिनाभर कढीपत्ता नव्हता. भिंतीवरच्या दहीभातासाठी मात्र बाजारातून जुडी यायची.

एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आली नाही. ताट आणि घरटं यांच्यात हातभराचंच अंतर होतं.

गच्ची

चैत्र संपत आलेला. मी कुरडया राखत बसले होते. जुन्या सुती साडीवर कुरडयांच्या रांगा, चार कोपऱ्यांना विटा, माझ्या हातात काळी छत्री. कावळा उतरायला लागला की छत्री फटकन उघडायची. सासूबाईंचा एकच नियम होता : वाकड्या पायाचा आला तर उघडायची नाही.

मखमलला मी अडगळीच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली होती. पहिलं पिल्लू गेल्यापासून रोज तेच. पिल्लं उडेपर्यंत तिला कोंडायची, असं मी ठरवलं होतं. उडाली की सुटलो. तिची कुरकुर जिन्यापर्यंत ऐकू यायची.

खाली सासूबाईंनी ताट ठेवलं आणि त्या आत गेल्या. कुणीतरी हाक मारली असावी किंवा फोन असावा.

तो आला. भिंतीवर कलून बसला. भात खाल्ला. सावकाश, अगदी माणसासारखा, मिरची बाजूला सारून. मग चोच भिंतीच्या कडेला पुसली. या अंगानं, त्या अंगानं.

मला वाटलं, आता उडेल.

त्यानं एक उडी मारली. लांबही नाही. भिंतीवरून कढीपत्त्यात.

बुलबुल किंचाळले. त्यातला एक त्याच्या डोक्यावर आदळला, पुन्हा आदळला. त्यानं मान वाकवली. वर काढली तेव्हा चोचीत काहीतरी होतं. ते हलत होतं. मग तो पुन्हा भिंतीवर आला, ते पायाखाली धरलं, आणि —

मी छत्री उघडली. इतक्या वरून तिचा काय उपयोग? माझ्या पायाशी कुरडयांवरचे दोन कावळे उडाले. तो तिथंच होता.

मी जिना उतरून खाली पोचले तेव्हा भिंत मोकळी होती. ताटात मिरची आणि कढीपत्ता उरला होता. अडगळीच्या खोलीची कडी तशीच होती. आत मखमल रडत होती.

अडगळीच्या खोलीत

“आई, एक सांगायचं होतं.”

“आई, रागावू नका, पण मी गच्चीवरून —”

“आई, कावळे सगळे सारखेच दिसतात. तो वेगळा असेल. पण पाय —”

“आई, मांजर कोंडलेलं होतं. कडी मी लावली होती. तुम्ही बघा हवं तर. मग पिल्लू कुणी —”

“आई, ते —”

ही सगळी वाक्यं मी मखमलला ऐकवली. ती जुन्या गादीवर बसून पंजा चाटत होती. एकही वाक्य शेवटापर्यंत जात नव्हतं. प्रत्येकाच्या शेवटी तोच बसलेला, एका अंगाला कलून.

फोन

“सुहास, आणखी एक गेलं.”

“अरे देवा. आईला कळलं?”

“अजून नाही. सुहास, मखमलनं नाही खाल्लं. ती खोलीत होती. मी बघितलं कुणी खाल्लं ते.”

“कुणी?”

“कावळ्यानं.”

“मग सांग की आईला. सुटलो.”

“भिंतीवरच्या.”

“नक्की तोच?”

“पाय वाकडा. भात खाल्ला आणि मग हे.”

“वृषाली, ऐक. हे आईला सांगायचं नाही.”

“त्या मखमलला घालवतील.”

“घालवू दे. आपण दुसरं मांजर आणू.”

“दुसरं?”

“तसं नाही गं. पण तू विचार कर, काय सांगणार आहेस तिला? बाबांनी पिल्लू खाल्लं म्हणून?”

“कावळ्यानं खाल्लं म्हणून.”

“बाबा गेल्यावर ती कशी होती तू बघितलेलं नाहीस. मी बघितलंय. शपथ आहे माझी.”

“कुणाकुणाची शपथ घालशील रे? माझं या घरात ते एक मांजरच आहे.”

“मी शनिवारी येतो. तोवर काही बोलू नकोस. बँकेत माणसं उभी आहेत, ठेवतो.”

स्वयंपाकघर

“आई, उद्यापासून ताट पुढच्या भिंतीवर ठेवूया का? तुळशीपाशी?”

सासूबाई पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं नाही. “का?”

“इकडं ऊन फार होतं.”

“कुणाला?”

“भाताला. दही आंबतं.”

“आंबायच्या आत ते खातात.”

“पुढं मोकळं आहे. मोठी झाडंही नाहीत, म्हणजे —”

“म्हणजे काय?” आता लाटणं थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी परातीकडे बघितलं.

“काही नाही.”

“ते इथंच येतात,” त्या म्हणाल्या. “त्यांना ही जागा माहीत आहे. रस्त्याकडून त्यांना बोलावू? फळवाल्याच्या, रिक्षांच्या गर्दीत?” पोळी तव्यावर पडली. “आरसा बघून आलीस?”

मी मान डोलावली.

“किती?”

“एक.”

पोळी फुगली, त्यांनी ती तशीच ठेवली. करपल्याचा वास आला. शेवटी मीच पुढं होऊन उचटण्यानं उलटली.

“मांजर खोलीत होतं, आई. कडी लावून.”

“खोलीला खिडकी आहे.”

“तिला गज आहेत.”

“मांजर गजातून जातं. मांजरच ते.”

“जाऊन परत आत येऊन बसलं? कडीच्या आत?”

“मग तूच सांग,” सासूबाई म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. “तूच सांग कुणी खाल्लं.”

तवा धुरावला होता. त्या माझ्याकडे रोखून बघत होत्या आणि मला स्पष्ट दिसलं की त्यांचे ओठ थरथरताहेत. सुहासची शपथ मी तशी मानली नसती. तो शपथा सुटे पैसे दिल्यासारख्या घालतो. पण त्या ओठांपुढं माझं तोंड उघडेना.

“मला काय माहीत,” मी म्हणाले.

त्यांनी श्वास सोडला. पीठ झटकलं. हात न धुताच बाहेर गेल्या आणि कुंपणावरून शेजारी हाक मारली, “शिदगोंडाअण्णा! मळ्याकडं कधी जाताय?”

“सकाळच्याला, वैनी. का वो?”

“एक मांजर सोडायचंय. नदीपलीकडं.”

“सोडू की! पोतं आणतो. मांजर पानी वलांडून माघारी येत न्हाई.”

पुन्हा परसू

शिदगोंडाअण्णा आमचे शेजारी. नदीपलीकडे अंकलीच्या बाजूला त्यांचा उसाचा मळा होता. मोठा आवाज, मोठं पोट, आणि मनानं अगदी मऊ माणूस. सकाळी त्यांनी एम-एटी गेटाशी लावली आणि साखरेचं रिकामं पोतं झटकत मागच्या बाजूनं परसात आले.

“काय सूनबाई, माहेरचं मानूस सासरी धाडायलीस व्हय?”

मी हसले नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पोतं उगीच पुन्हा झटकलं.

“आमच्याकडं उंदरं लई हाईत,” ते हळू म्हणाले. “राणीवानी राहील. मी सोताच्या हातानं दूध घालतो, मग तर झालं?”

सासूबाई मागच्या दारात उभ्या होत्या. हातात दहीभाताचं ताट. रोजच्यासारखं त्यांनी ते अजून भिंतीवर ठेवलं नव्हतं. “उरकून घ्या अण्णा,” त्या म्हणाल्या. “मग ठेवते.”

मखमल माझ्याशिवाय कुणाच्या हातात राहत नसे. म्हणून मलाच तिला पोत्यात घालावं लागलं. मी तिला उचलून आणलं तेव्हा तिनं नाक माझ्या मानेत खुपसलं होतं. पोत्याच्या तोंडाशी नेईपर्यंत तिला काही कळलंच नाही. कळलं तेव्हा चारही पायांच्या नख्या बाहेर आल्या. माझ्या मनगटावरून एक लाल रेघ गेली. अण्णांनी पोत्याचं तोंड मुरगळलं, सुतळीचे दोन वेढे घातले, गाठ मारली. पोतं जमिनीवर आडवं पडलं आणि आतून फुगायला, दबायला लागलं. आवाज मात्र नव्हता. ते मला सगळ्यात वाईट वाटलं.

“चला,” अण्णा म्हणाले.

आणि बुलबुल ओरडायला लागले.

दोन्ही एकदम. तोच आवाज, तीच उड्यांची धांदल. अण्णा पोत्याकडे वाकले होते ते तसेच थांबले. त्यांनी झाडाकडे बघितलं, पोत्याकडे बघितलं.

“आता का वरडायलीत ही?” ते म्हणाले. “मांजर तर पोत्यात हाय.”

तो विजेच्या तारेवरून भिंतीवर उतरला. भिंत रिकामी होती. त्यानं मान तिरकी करून रिकाम्या जागेकडे बघितलं. मग एक उडी. कढीपत्त्याची फांदी वाकली.

सासूबाई पायरी उतरून पुढं आल्या. ताट दोन्ही हातांत, नैवेद्यासारखं.

“भात आणलाय,” त्या म्हणाल्या.

तो एक फांदी वर गेला.

“इकडं या. उशीर झाला आज, माझंच चुकलं. अहो, भात आणलाय.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

तो आणखी वर गेला. बुलबुल त्याच्या पाठीवर आदळत होते, तो पंखसुद्धा हलवत नव्हता. घरट्याच्या कडेवर त्यानं वाकडा पाय ठेवला. कुणीतरी घरट्यावर आलं एवढंच पिल्लाला कळलं. त्याला वाटलं, खाऊ आला. त्यानं मान ताणून चोच उघडली. मी उभी होते तिथून मला ती लाल उघडी चोच दिसली.

“अहो, नको,” सासूबाई म्हणाल्या. “नको. नको ना.”

त्यानं मान वाकवली.

ताट झाडावर आदळलं.

केवढा तो आवाज! स्टील फांदीवर, फांदीवरून पिंपावर, पिंपावरून दगडावर. भात उडाला, पानांवर, भिंतीवर, अण्णांच्या टोपीवर. कावळा काव करून उडाला, तारेवर टेकला, आणि मग घरांच्या कौलांवरून दिसेनासा झाला. सासूबाईंचे हात ताट फेकलेल्या अवस्थेतच पुढं राहिले होते. रिकामे.

घरटं एका अंगाला कललं होतं. पिल्लू कडेला लोंबकळलं, सुटलं आणि धुण्याच्या दगडापाशी ओल्या मातीत पडलं.

मी पोत्याकडे धावले. गाठ हातात धरली.

“थांब!” सासूबाई ओरडल्या. “आत्ता सोडू नको. पिल्लू खाली आहे.”

मी गाठ धरून बसून राहिले. पोत्याच्या आत, माझ्या गुडघ्याशी, मखमल पुटपुटल्यासारखी गुरगुरत होती. तिला सगळा वास येत असणार.

सासूबाई वाकल्या. पदराच्या टोकानं पिल्लू उचललं. अर्धी पिसं, अर्धी उघडी कातडी, आणि पोट भराभरा हलत होतं.

“वैनी, हात लागला तर आईबाप घेत न्हाईत म्हनत्यात,” अण्णा म्हणाले.

“घेतील.”

“न्हाई, आपलं म्हनत्यात —”

“स्टूल धरा.”

अण्णांनी स्टूल धरलं. सासूबाई चढल्या. आज काठी नाही, आरसा नाही. त्यांनी डाव्या हातानं घरटं सरळ केलं, फांदीच्या बेचक्यात दाबून बसवलं, पिल्लू आत ठेवलं. उतरल्या. मग आम्ही तिघं घराच्या मागच्या भिंतीला टेकून उभे राहिलो. पोतं माझ्या कुशीत.

कुणी पापणी हलवत नव्हतं. बुलबुल पेरूच्या झाडावर गप्प बसले होते. एक खाली आला, परत गेला. पुन्हा आला, कढीपत्त्याच्या शेंड्यावर बसला, तिथून उडून दिसेनासा झाला. सासूबाईंनी माझा दंड धरला होता. त्यांची बोटं किती घट्ट होती हे मला नंतर अंघोळ करताना कळलं.

बुलबुल परत आला तेव्हा चोचीत हिरवी अळी होती. घरट्याच्या कडेवर बसला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आणि मान आत घातली.

“घेतलं,” अण्णा म्हणाले, आणि टोपीनं तोंड पुसलं. टोपीवरचा भात गालाला लागला.

पायरी

“मग मी रिकामाच जाऊ म्हन्ता?” अण्णा पुढच्या गेटाशी जाऊन विचारत होते.

“रिकामेच जा,” सासूबाई इथूनच म्हणाल्या. “पोतं मागाहून देते.”

एम-एटीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. सासूबाई पायरीवर बसल्या. रोज त्या जिथं बसायच्या तिथंच. समोर भिंत.

“तुला नवल वाटलं नाही,” त्या म्हणाल्या.

“कशाचं?”

“अण्णांना वाटलं. तुला नाही वाटलं. तू कधी बघितलंस?”

“काल. गच्चीवरून.”

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिल्या.

“मी पहिल्याच पिल्लाच्या वेळी,” त्या म्हणाल्या. “इथंच बसून.”

माझ्या मांडीवर पोतं होतं. मी गाठ सोडत होते, ती थांबले. सुतळीची गाठ दातांनी ओढणाऱ्या त्या सासूबाई मला आठवल्या. तवा धुरावलेला, आणि “तूच सांग.” म्हणजे तेव्हा त्यांना —

“बोलली का नाहीस काल?”

“बोलले असते तर?”

“तर खोटं पाडलं असतं तुला,” त्या सरळ म्हणाल्या. “मेलेल्या माणसावर आळ घेतेस म्हणाले असते. सुहाससमोर म्हणाले असते. मांजर गेलंच असतं, आणि तूही मनातून गेली असतीस.”

त्या रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर मला काहीतरी करता आलं असतं.

“ते असं करणारे नव्हते गं,” त्या म्हणाल्या. “पिल्लं असली की खोकलासुद्धा दाबायचे. आमटीत कढीपत्ता नसला तर विचारायचे नाहीत, आपलं समजून असायचे. तो माणूस —” त्यांनी भिंतीकडे हात केला आणि मध्येच खाली घेतला. “कावळाच होता तो. नुसता कावळा. मी वर्षभर कावळ्याला जेवू घातलं.”

त्यांचे पाय उघडे होते, पावलांवर दह्याचे शिंतोडे उडालेले. मी माझ्या ओढणीनं पुसायला गेले तर त्यांनी पाय मागं घेतले. पुन्हा पुसायला गेले तेव्हा घेतले नाहीत.

“ती किती वेळ आत आहे,” त्या म्हणाल्या. “सोड.”

“पिल्लू?”

“पिल्लू वर आहे. तू इथं आहेस, मी इथं आहे. सोड.”

मी गाठ सोडली. मखमल लगेच बाहेर आली नाही. आधी मिशा, मग डोकं, मग एकेक पाऊल. अंग झटकलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. झाडाकडे मान वर केली, तसा माझा हात तिच्या पाठीवर गेला. पण तिचं नाक खाली वळलं होतं. दगडापासून पायरीपर्यंत दहीभात सांडला होता. तिनं एक शीत हुंगलं, चाटलं. मग दुसरं. मग ती पोटाशी पाय घेऊन बसली आणि नेटानं खायला लागली.

तो कुणाचा भात होता ते मला माहीत होतं. मी तिला उचलायला वाकले.

“राहू दे,” सासूबाई म्हणाल्या. “खाऊ दे मखमलला.” आणि मग, माझा हात बाजूला सारून, स्वतःच पुढं वाकत, “मिरची तेवढी काढते. तिखट लागेल तिला.”